डाव्या चाकातली कटकट

पहाटे साडेपाच

ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, म्हणून आमच्याकडे मंगळवारी सगळ्यांत जास्त काम. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना दुर्गापूर मागे पडलं की डाव्या हाताला माझं गॅरेज लागतं. सोमवारी संध्याकाळची सफारी संपवून जिप्सी येतात आणि बुधवारी पहाटे त्यांना पुन्हा गेटवर उभं राहायचं असतं. मधे एवढा एकच दिवस. त्यात मे महिना. दुपारी पारा ४५ अंशांच्या वर गेला की उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही, म्हणून आम्ही उजाडायच्या आधीच शटर उघडतो.

आज पहिली गाडी जिप्सी किंग, जुनी. छप्पर काढलेलं, मागे सहा पर्यटकांच्या सीटा. चालक माझ्याहून वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणतो. आल्या आल्या म्हणाले, "डावीकडून कटकट येते जी. उजवीकडं वळवली का जास्त. मागच्या महिन्यात डावा शाफ्ट नवा टाकला शहरातल्या गॅरेजात. आठ-दहा दिवस बरं वाटलं, मंग पुन्हा तेच."

अशा वेळी पाना हातात घ्यायची घाई मी करत नाही. आधी विचारतो. आवाज सरळ चालताना येतो की वळताना? पायडल दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर? ब्रेक मारल्यावर काही फरक पडतो का? पहाटे थंड असताना येतो की तासाभराने? काकांना एवढं विचारावं लागत नाही. जंगलात इंजिन बंद करून, चितळाचा कॉल कोणत्या बाजूने आला आणि सांबराचा कोणत्या, यावरून वाघाची चाल ओळखणारा हा माणूस. आपल्या गाडीचा आवाजही ते त्याच बारकाईने सांगतात: "हळू चालवली का येते. मोजून येते. चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच. आणि पायडल सोडलं का मोठी होते."

हे शेवटचं वाक्य मी मनात पक्कं धरून ठेवलं. शाफ्टवरचा सीव्ही जॉइंट खराब झाला की आवाज बहुधा उलट वागतो, पायडल दाबल्यावर वाढतो.

मग विचारलं, "काका, हब लॉक आहेत का?"

"हो, पावसाळ्यापासून लॉकच आहेत."

यात मी त्यांना दोष देणार नाही. जिप्सीच्या पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायचे असतात. त्यासाठी खाली उतरावं लागतं. गाभ्यात गाडीतून उतरायला बंदी. चिखलात अडकल्यावर फोर व्हील लागलं आणि हब मोकळे असले तर काय करणार? म्हणून चालक गेटबाहेरच हब लॉक करून टाकतात, आणि ते तसेच राहतात. परिणाम असा की टू व्हीलमध्ये चालतानाही पुढचे शाफ्ट, जॉइंट, क्राउन पिनियन सगळं विनाकारण फिरत राहतं.

सव्वासहा

गॅरेजच्या मागे मुरमाचं मोकळं मैदान आहे. चाचणी तिथेच घेतो. जिप्सीच्या फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शिअल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, त्यांना जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही एक्सल एकाच वेगाला बांधलेले. मुरमावर चाक थोडं घसरतं आणि हा ताण निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नसते. ताण साठत जातो, गाडी अडखळते आणि मधेच ठक्कन उसळते. तो आवाज ऐकून चांगले जॉइंट बदलल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

आधी दोन्ही हब मोकळे केले. स्टिअरिंग उजवीकडे टोकापर्यंत वळवून संथ फेऱ्या मारल्या. कटकट नाही. माझ्या हाताखालचा पोरगा बाजूने चालत होता, त्यालाही काही ऐकू आलं नाही. हब मोकळे असले की चाक फिरतं पण शाफ्ट उभा राहतो. म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तू, बेअरिंग, ब्रेकची डिस्क, टायर, या कटकटीतून बाहेर पडल्या. स्टिअरिंगबरोबर हलणारे किंगपिन आणि टाय रॉडही बाहेर पडले.

हब लॉक केले, गिअर टू व्हीलमध्येच. कटकट सुरू. डावीकडून, फेऱ्याला एक, काका म्हणाले तशीच.

मग फोर व्हील टाकून त्याच वर्तुळात पायडल दाबलं. जॉइंटवर आता खरा भार आला. जॉइंटमध्ये खड्डे पडले असते तर इथे एका फेऱ्यात अनेकदा कटकट व्हायला हवी होती, आणि जोरात. आवाज उलट दबला. पायडल सोडलं, पुन्हा आला.

पोरगा आयटीआय करून नुकताच आला आहे. त्याने विचारलं, "वस्ताद, मग जॉइंट नाही?" मी म्हटलं, "शाफ्टबरोबर फिरणारं काहीतरी सैल आहे. भार आला की ते एका बाजूला दाबून बसतं, म्हणून गप्प होतं. भार गेला की पडतं." जॉइंट चांगला आहे असं तेव्हा मी म्हणालो नाही. उघडून पाहिल्याशिवाय म्हणायचंही नाही.

शेवटी हब पुन्हा मोकळे करून गाडी डांबरी रस्त्यावर घेतली. जंगलात ताशी २० च्या वर जाता येत नाही, त्यामुळे जास्त वेगात येणारे आवाज सफारीत दबून राहतात. चाळिसाला उजव्या बाजूने बारीक घरघर ऐकू आली. स्टिअरिंग थोडं डावीकडे दिलं की गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं, घरघर वाढली. उजवीकडे दिलं, कमी झाली. ही वेगळी तक्रार, उजव्या चाकाच्या बेअरिंगची. काकांना ती माहीतच नव्हती. एका गाडीत दोन आवाज असतात आणि माणूस दोन्हींना एकच नाव देतो, त्यामुळे एक दुरुस्त झाला तरी "काही फरक पडला नाही" असं वाटतं.

साडेसात

पुढचा एक्सल जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माझ्याकडे कोणी जात नाही.

चाक वर आणि खाली धरून हलवलं. उजवं किंचित हललं. पोराला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं, हालचाल गेली. ब्रेकने डिस्क आणि नकल, म्हणजे स्टिअरिंगने वळणारा सांधा, एकमेकांना धरून ठेवले, म्हणजे ढिलाई त्या दोघांच्या मधे, बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं तर किंगपिनकडे वळलो असतो. मग चाक दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवलं, टाय रॉडच्या टोकांसाठी. ती घट्ट होती. उजवं चाक हाताने जोरात फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला. कानाला जेमतेम लागणारी घरघर तळहाताला स्पष्ट जाणवते. पोराचा हात तिथे ठेवला, मग डाव्या पाट्यावर ठेवला. फरक त्याला सांगावा लागला नाही.

आता डावी बाजू. हब लॉक, चाक उजवीकडे वळवलेलं, हाताने हळू फिरवलं. लांब पेचकसाचं टोक नकलच्या मागच्या गोलावर टेकवून मूठ कानाला लावली: आवाज आहे, पण लांबचा. टोक पुढे हबच्या बाजूला आणलं: आवाज जवळ आला. जॉइंट मागे त्या गोलात असतो. पुढे स्पिंडल असतं, आणि स्पिंडलच्या आत शाफ्टला आधार देणारा छोटा बुश.

खाली वाकून नकलची मागची बाजू पाहिली. वायपर सीलच्या खाली ओलं, त्यावर धूळ बसून काळा थर. बोट लावलं. ग्रीस नव्हतं, पातळ तेल होतं, आणि वास गिअर ऑइलचा.

नऊ

डावी बाजू उघडायला घेतली. लॉकिंग हब काढला, शाफ्टच्या टोकाचं लॉक काढलं, आणि तिथेच थांबलो. बाहेर आलेलं शाफ्टचं टोक बोटांत धरून वर-खाली हलवलं. टक टक. चांगल्या गाडीत इथे नावापुरती हालचाल लागते. इथे डोळ्यांना दिसत होती. काकांना बोलावून त्यांच्या हाताने हलवायला लावलं. त्यांनी दोनदा हलवलं आणि म्हणाले, "हेच आहे." ज्याची गाडी त्याच्या हाताला ढिलाई लागली पाहिजे, मगच तो पुढचा खर्च समजून करतो.

कॅलिपर तारेने पाट्याला टांगला, पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. वॉशरचा कान सरळ केला, नट काढला, हब आणि डिस्क उतरवली, स्पिंडल सोडवलं. आतून जाडसर काळं ग्रीस यायला हवं होतं. आली पातळ काळी पेज. शाफ्ट बाहेर घेतला. महिन्यापूर्वीचा नवा शाफ्ट, पण बुशवर टेकणाऱ्या जागी एका बाजूने घासून चकाकी आलेली. स्पिंडलमधला बुश लांबट झालेला, गोल उरलाच नव्हता.

जॉइंट डिझेलमध्ये धुतला, हवेने सुकवला, उन्हात धरून बघितला. जाळी तिरकी करून एकेक गोळी वर आणायची, गोळीवर ओरखडे, खोबणीत खड्डा आणि जाळीच्या खिडक्यांना चीर आहे का ते बघायचं. काहीही नाही. जॉइंट निर्दोष.

मग काम अर्धंच झालं. बुश का गेला, हे कळल्याशिवाय नवा बुश टाकला तर तोही जाणार. एक्सलच्या नळीच्या टोकाला आतलं ऑइल सील असतं. त्याचं काम हाउसिंगमधलं तेल नकलमध्ये येऊ न देणं. सीलच्या ओठातून तेल गळत होतं. सील तसं जुनं दिसत नव्हतं. मग गळलं का? हाउसिंगच्या माथ्यावर हवेसाठी छोटा ब्रीदर असतो. चालताना तेल तापतं, आतली हवा फुगते, आणि ती तिथून बाहेर जायला हवी. ब्रीदर काढून फुंकून पाहिला. फुंकर पलीकडे गेलीच नाही. आत मातीचा दगड झाला होता. पावसाळ्याचा चिखल, त्यावर उन्हाळ्याची धूळ.

हवेला वाट मिळाली नाही म्हणून तिने तेलाला सीलमधून ढकललं. नकलमध्ये शिरलेल्या तेलाने ग्रीस पातळ केलं, ते वायपर सीलमधून बाहेर वाहून गेलं, बुश कोरडा पडला, आणि हब कायम लॉक असल्यामुळे शाफ्ट त्या कोरड्या बुशमध्ये फिरत राहिला. शाफ्ट बदलला तेव्हा त्यांनी ताजं ग्रीस भरलं असणार. त्या ग्रीसने आठ-दहा दिवस आवाज दाबला. काकांना बरं वाटलं ते तेवढंच.

हाउसिंगमध्ये तेल भरायच्या बोल्टच्या भोकातून बोट आत घातलं. तेल भोकाच्या काठाशी लागायला हवं. माझं बोट कोरडं आलं. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर क्राउन पिनियन गेलं असतं, आणि तो खर्च जिप्सीवर पोट भरणाऱ्याला झेपत नाही.

अकरा

स्पिंडल आणि शाफ्ट घेऊन लेथवाल्याकडे. आसपास कोळशाच्या खाणी असल्यामुळे चंद्रपुरात चांगल्या लेथची वानवा नाही. तयार बुश मिळतो, पण माझा भरवसा समोर उभं राहून करून घेतलेल्या गनमेटलच्या बुशवर. शाफ्टचं माप घेतलं, बुश बसवल्यावर आतून पुन्हा साफ करून घेतला. ठोकून बसवताना तो किंचित आवळतो, आणि हे विसरलं तर शाफ्ट अडकतो. माझी परीक्षा एवढीच: कोरडा शाफ्ट स्वतःच्या वजनाने आत सरकला पाहिजे, आणि बसल्यावर हलता कामा नये. ग्रीस पोचण्यासाठी आत एक चरही पाडून घेतला.

साडेबारा

परतलो तर नागपूरचं एक कुटुंब जुनी डस्टर घेऊन उभं. वळताना कटाकट आवाज. इथे शोधायला काही नव्हतं. डस्टर पुढच्या चाकांवर चालते, जॉइंट सतत भाराखाली. डाव्या चाकाच्या आत डोकावलो: बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला रेषा उमटलेली. चाक वळवून पायडल दिलं की आवाज वाढतो, सोडलं की थांबतो. काकांच्या गाडीच्या अगदी विरुद्ध. पोराला मुद्दाम बाजूला बसवून ऐकवलं.

बूट फाटल्याचं लगेच लक्षात आलं तर नवा बूट आणि ताजं ग्रीस यांवर भागतं. आवाज सुरू झाला म्हणजे धूळ आत जाऊन तिने आपलं काम केलेलं असतं. मग जॉइंट बदलावाच लागतो. त्यांच्या गाडीचा जॉइंट माझ्याकडे नव्हता. खोटी घाई लावून त्यांना थांबवलं नाही. आतला जॉइंट तपासला, सरळ रस्त्यावर वेग घेताना थरथर येते का विचारलं, येत नव्हती. म्हटलं, ताई, नागपूरला नीट पोचाल, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून जोरात पायडल देऊ नका, आणि या आठवड्यात काम करून घ्या.

दुपारी दोन

बाहेर उभं राहवत नाही. कूलरसमोर डबे उघडले. पोराच्या डोक्यात सकाळपासून एकच प्रश्न: साधा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, पुढच्या चाकाला का चालत नाही? प्रोपेलर शाफ्टला तर चालतो.

क्रॉस कोनात फिरला की पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. प्रोपेलरला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, एकाची चूक दुसरा भरून काढतो, आणि कोनही लहान. स्टिअरिंग टोकाला गेल्यावर चाकाचा कोन मोठा होतो. तिथे एकटा क्रॉस हातात झटके देईल. यावर १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अमेरिकेतल्या इंजिनिअराने सहा गोळ्यांचा जॉइंट काढला. कोन कितीही असो, जाळी त्या गोळ्यांना बरोबर कोनाच्या मध्यावर धरून ठेवते, आणि म्हणून दोन्हीकडचा वेग एकच राहतो. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी गाडीमुळे हा जॉइंट घराघरात पोचला. काकांच्या जिप्सीत त्याच घराण्यातला जॉइंट आहे.

तो खराब झाला की कटकट का करतो, हेही यातूनच कळतं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. गोळ्या खोबणीच्या एकाच जागी घासतात आणि तिथे खड्डा पडतो. सरळ चालताना गोळी खड्ड्यात शांत बसते. वळलं की ती खड्ड्याच्या काठावरून चढते-उतरते, सहा गोळ्या एकामागून एक. म्हणून तो आवाज फेऱ्याला एक असत नाही. पोराने डबा बाजूला ठेवून वहीत चित्र काढलं, गोळ्या आधी पाच काढल्या, मग मोजून सहावी टाकली.

चार

जोडायला सुरुवात. नवं आतलं सील, त्याच्या ओठाला बोटभर ग्रीस लावूनच शाफ्ट आत. कोरड्या ओठावरून शाफ्ट घातला तर सील पहिल्याच दिवशी फाटतं. दोन्ही बाजूंचे शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात, म्हणून काढतानाच खडूने खूण केलेली. जॉइंटमध्ये काळं मॉली ग्रीस, बोटांनी दाबून गोळ्यांच्या मागेपर्यंत. वायपरचं फेल्ट आणि रबर नवं. ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती वर इंजिनच्या खोलीत नेली, चिखल पोचणार नाही एवढ्या उंचीवर. हाउसिंगमध्ये तेल काठापर्यंत.

उजवीकडे दोन्ही बेअरिंग बदलली, ट्रॅकसकट, म्हणजे बाहेरच्या कड्यांसकट. जुन्या ट्रॅकवर नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ट्रॅक पितळी ड्रिफ्टने चारी बाजूंनी सारखा ठोकत गेलो. पूर्ण बसेपर्यंत ठोक्याचा आवाज पोकळ येतो; तळाशी टेकला की आवाज एकदम भरीव होतो. मी पोराला तोंड फिरवून उभं केलं आणि म्हटलं, बसल्यावर तू सांग. त्याने बरोबर त्या ठोक्याला हात वर केला. नट चाक फिरवत फिरवत आवळला, सैल सोडला, पुन्हा हलकेच आवळला, वॉशरचा कान वाकवला.

सहा

मुरमावर तीच वर्तुळं, त्याच क्रमाने: हब मोकळे, मग लॉक, मग फोर व्हील; पायडल दाबून आणि सोडून. मग डांबरावर चाळिसाला, स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे. काही नाही. मग काकांना एकट्याला गाडी देऊन पाठवलं. परत आल्यावर इंजिन बंद करून ते क्षणभर तसेच बसले आणि म्हणाले, "आता टायरखालचा मुरूमच ऐकू येते."

बिल लिहून दिलं. त्यात बुश, सील, बेअरिंग, तेल वेगवेगळं दाखवलं, आणि ब्रीदरचं कामही लिहिलं, म्हणजे पुढचा मेकॅनिक तो उघडून बघेल. पुढच्या मंगळवारी उजवा नट एकदा तपासून घ्या म्हटलं. आणि हब: उन्हाळाभर मोकळे ठेवा, पण महिन्यातून एकदा लॉक करून थोडं अंतर चालवा, म्हणजे आतलं ग्रीस फिरतं राहील. पाऊस लागला की गेटबाहेर लॉक करायचेच. त्यात वाद नाही.

निघताना त्यांनी मागच्या सीटखालून एक गोणपाट काढलं. आत महिन्यापूर्वी काढलेला जुना डावा शाफ्ट. "हा भंगारात देऊ का?" मी जॉइंट डिझेलमध्ये धुतला आणि दिव्याखाली सहाही गोळ्या फिरवून पाहिल्या. खोबण्या गुळगुळीत, जाळी शाबूत, बुशच्या जागी हात फिरवला तर झीज नखालाही लागत नव्हती. मी म्हटलं, "काका, यात काहीच खराब नाही. देऊ नका कोणाला." नवे जिप्सीचे भाग पुढे किती दिवस सहज मिळतील कोण जाणे, गाडी बाजारातून गेली आहे. पोराने जॉइंटमध्ये मॉली ग्रीस भरलं, त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्हीकडून तारेने बांधला, आणि खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: डावा, चांगला.